मेकॅनिकलची पहिली नोकरी: घाटंजी तालुक्यातल्या मुलाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा घाटंजी तालुक्यातला, २०२४ मध्ये अमरावती विद्यापीठातून मेकॅनिकलची बीई, गुण मध्यम. तेव्हापासून पोर्टलवर अर्ज टाकतोय, बोलावणं येत नाही. नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत एक इंटरव्ह्यू झाला. तिथं विचारलं की विहिरीवरचा पंप जास्तीत जास्त किती खोलीवरून पाणी उचलेल, आणि बेअरिंगवर ६२०५ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ काय. दोन्ही प्रश्नांना तो गप्प राहिला. आता नागपूरचा एक क्लास कॅडच्या, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढण्याच्या कोर्सचे ६०,००० रुपये मागतोय, मित्र पुण्याला ये म्हणतात, घरचे गेट ही इंजिनिअरांची देशपातळीवरची परीक्षा दे म्हणतात. घरी कोरडवाहू वावर आहे, त्यामुळे दोन वर्षं नुसता अभ्यास करत बसणं परवडणारं नाही.

मी चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंट आणि विजेच्या प्लांटमध्ये मेंटेनन्सचं काम करत आलोय आणि ट्रेनी निवडायच्या पॅनलवरही बसतो. म्हणून टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते आधी सांगतो. कोर्स, पुणे, गेट हे सगळं नंतर.

तुला पंप विचारला तो सोपा म्हणून. घाटंजीचा आहे, घरी विहीर असेल, पोरगा मोकळा होऊन बोलेल, असा विचार करूनच पॅनलवाले असा प्रश्न काढतात. पाठ केलेली व्याख्या त्यांना नको असते. लहानपणापासून डोळ्यांसमोर चालणाऱ्या यंत्राबद्दल तुला कधी ‘हे असं का?’ असा प्रश्न पडला का, एवढंच त्यांना बघायचं असतं. तेव्हा हा एक प्रश्न मी तळापर्यंत सोडवून दाखवतो. बाकीचे प्रश्न कसे खणायचे ते त्यावरून कळेल.

पंप पाणी ओढत नाही. तो सक्शन पाइपातला दाब कमी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावर पडणारा हवेचा दाब ते पाणी पाइपात वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब १०.३ मीटर पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. यवतमाळ शहराची उंची साधारण ४५० मीटर धरली तर तिथं तो ९.८ मीटरच्या आसपास भरतो. पाइपात पूर्ण निर्वात झाला तरी पाणी याच्या वर चढणार नाही, मग मोटर ५ एचपीची लाव नाहीतर ५० ची. यातून फुटव्हॉल्व्ह, पाइप आणि बेंडमधलं घर्षण वजा जातं. दाब फार उतरला की पाणी थंड असतानाच त्याची वाफ व्हायला लागते; ४० अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब पाऊण मीटर पाण्याएवढा असतो, तेवढाही वजा. शिवाय इंपेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाच्या तोंडाशी पंपाला स्वतःसाठी थोडा दाब शिल्लक लागतो, त्यालाच एनपीएसएच म्हणतात. हे सगळं जाऊन हाती उरतात ६ ते ७ मीटर. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की कास्तकार पंप विहिरीतल्या खालच्या टप्प्यावर उतरवतो तो याचसाठी.

एवढं बोललास की पॅनल पुढं सरकेल. मग २०० फुटांच्या बोअरमधून पाणी कसं येतं? सबमर्सिबल पंप पाण्याच्या आतच बसलेला असतो, त्याला वर ढकलायचंच काम आहे, आणि ढकलायला वातावरणाची मर्यादा नाही. पंप सुरू करण्याआधी त्यात पाणी का भरतात? कारण सेंट्रिफ्युगल पंप, म्हणजे चाक फिरवून पाणी बाहेर फेकणारा नेहमीचा पंप, ठरावीक हेड (चढवायची उंची) तयार करतो ते आत जे असेल त्याच्या मीटरमध्ये. पंप २० मीटर हेडचा असेल आणि आत हवा असेल, तर तो २० मीटर हवेएवढाच दाब तयार करेल. हवेची घनता घनमीटरला १.२ किलो, पाण्याची १०००. म्हणजे तो दाब झाला फक्त २४ मिलिमीटर पाण्याएवढा. एवढ्याशा दाबाने पाणी कुठून चढणार! हा हिशेब ज्याने कागदावर मांडून दाखवला त्याला पॅनलवर कुणी सहसा नाकारत नाही.

आणि माझा आवडता प्रश्न: डिलिव्हरी पाइप पंपाजवळच फुटला, तर मोटरवरचा भार वाढेल की कमी होईल? बहुतेक मुलं कमी होईल म्हणतात, कारण पाणी आता टेकाडावर चढवायचं नाही. नेहमीच्या सेंट्रिफ्युगल पंपात तो वाढतो. विरोध गेला की प्रवाह वाढतो आणि प्रवाहाबरोबर पॉवर वाढते. मोटर गरम होऊन स्टार्टर ट्रिप होऊ शकतो. म्हणूनच असा पंप डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू करतात आणि लगेच हळूहळू उघडतात. पिस्टनच्या पंपाला मात्र असं कधीच करायचं नाही. तिथं व्हॉल्व्ह बंद असेल तर दाब चढत जातो आणि काहीतरी फुटतं.

आता ६२०५. पहिला ६ म्हणजे डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंग, २ ही त्याची सिरीज, आणि शेवटच्या दोन अंकांना ५ ने गुणलं की आतला व्यास: २५ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५. हा पाचचा नियम ०४ पासून पुढे चालतो. ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७ मिलिमीटर, हे चार पाठच कर. ६३०८ म्हणजे ४० मिलिमीटर बोअर (आतला व्यास), पण ३ सिरीजचं, म्हणजे त्याच शाफ्टवर जास्त जाड आणि जास्त भार घेणारं. मागे सी ३ लिहिलेलं असेल तर आतलं क्लिअरन्स नेहमीपेक्षा जास्त, चालताना तापणाऱ्या मोटरसाठी.

यानंतर ग्रीस किती भरायचं हे विचारतील. पूर्ण ठासून भरलं तर बेअरिंग ग्रीस घुसळत बसतं आणि तापतं. हाउसिंगमधल्या मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा ते निम्मा एवढं पुरे. मग विचारतील, बेअरिंग शाफ्टवर चढवणार कसं? हातोडीने ठोकून, असं उत्तर आलं की पॅनलवरच्या मेंटेनन्सवाल्याचा चेहरा पडतो. मोठं बेअरिंग इंडक्शन हीटरवर तापवून चढवतात. १०० मिलिमीटर बोअरचं बेअरिंग ८० अंशांनी तापवलं तर स्टीलच्या प्रसरणाच्या हिशेबाने, म्हणजे अंशाला दशलक्षात १२ भाग धरून, बोअर जवळजवळ ०.०९६ मिलिमीटरने उघडतो. तेवढ्यात ते अलगद बसतं आणि थंड झालं की शाफ्टला घट्ट धरतं. १२० अंशांच्या वर नेत नाहीत आणि गॅसची ज्योत तर लावतच नाहीत, कारण एकाच जागी जास्त तापून स्टीलची कठीणता उतरते.

बंडीच्या चाकाला लोहार धाव चढवायचा तेव्हा हेच करायचा. गोवऱ्यांच्या आगट्यात लोखंडी धाव चांगली तापवायची, लाकडी चाकावर उतरवायची आणि वरून पाणी मारायचं. धावेचा व्यास १२०० मिलिमीटर आणि ती ३०० अंशांनी तापली असं धर. व्यास सव्वाचार मिलिमीटरहून थोडा जास्त वाढतो. थंड होताना ती आवळते आणि आऱ्यांपासून तुंब्यापर्यंत सगळं चाक एकजीव होतं. श्रिंक फिटची ही व्याख्या तुझ्या गावातल्या म्हाताऱ्यांना इंजिनिअरिंग कॉलेज न बघता ठाऊक आहे. तू ती आकड्यांसकट सांगू शकलास तर तुझ्या इंग्रजीकडे कुणाचं लक्षही जाणार नाही. वाक्य मराठी-हिंदी असू दे आणि शब्द शॉप फ्लोअरचे असू देत. आमच्याकडे तसंच बोलतात.

या पद्धतीने आणखी काही गोष्टी तयार ठेव. ड्रॉइंगवर छिद्र आणि शाफ्टचं माप २५ एच ७/जी ६ असं लिहितात, म्हणजे छिद्र २५.००० ते २५.०२१ आणि शाफ्ट २४.९८० ते २४.९९३, म्हणून फट कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉन. ही फट कुठं लागते आणि कुठं नडते ते सांगता आलं पाहिजे. ४ पोलची मोटर ५० हर्ट्झला मिनिटाला १५०० ऐवजी १४४० फेऱ्यांनी का फिरते? ५ एचपी म्हणजे ३.७३ किलोवॉट, ९५५० गुणिले ३.७३ भागिले १४४०, म्हणजे टॉर्क २४.७ न्यूटन मीटर. चालवलेली पुली दुप्पट व्यासाची लावली तर वेग ७२० आणि टॉर्क जवळपास दुप्पट. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे अवजाराला फिरवणारा मागचा शाफ्ट, मिनिटाला ५४० फेऱ्यांना का चालवतात आणि त्याच्या शाफ्टवर दोन युनिव्हर्सल जॉइंट का असतात, हेही बघून ठेव. व्हर्नियरचं लीस्ट काउंट, माइल्ड स्टीलचा स्ट्रेस-स्ट्रेन आलेख, कंडेन्सरमध्ये व्हॅक्यूम का ठेवतात, हे विचारतातच. ड्रॉइंग वाचता येणं सगळ्यात महत्त्वाचं. फर्स्ट अँगल की थर्ड अँगल, सेक्शन कुठून घेतलाय, टॉलरन्स कुठल्या मापाला लावलाय, एवढं हात न थबकता सांगता आलं पाहिजे.

फायनल इयरच्या प्रोजेक्टबद्दल स्पष्ट बोलतो. बरीच मुलं नागपुरातून तयार प्रोजेक्ट विकत आणतात. पॅनलला ते दुसऱ्या प्रश्नातच कळतं: ही मोटर एवढ्याच एचपीची का घेतली? तुझा प्रोजेक्ट विकतचा असेल तर इंटरव्ह्यूआधी तो उघडून, मोजून, प्रत्येक भाग असाच का आहे याचा हिशेब स्वतः मांड. नाही जमलं तर रेझ्युमेवर तो एका ओळीत ठेव आणि वावरातला पंप किंवा थ्रेशर हाताने दुरुस्त केला असेल तर ते वर घे. उत्तर येत नसेल तेव्हा "माहीत नाही, पण शोधायचं झालं तर मी आधी अमुक तपासेन" असं म्हण. गोलमोल बोलणाऱ्याला आम्ही मशीनजवळ उभं करायला धजत नाही, कारण तिथं चुकीच्या आत्मविश्वासाने माणूस मरतो.

आता नोकरी कुठं शोधायची ते. पोर्टलवर तुझ्यासारखे हजारो अर्ज असतात. अनुभवाचा रकाना कोरा असलेल्याला तिथं कुणी उघडूनही बघत नाही. तो रकाना भरायचा सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे अप्रेंटिसशिप. केंद्र सरकारच्या नॅट्स या अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नाव नोंदव. आपल्या भागाचं काम मुंबईचं ‘बोट’, म्हणजे बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंगचं कार्यालय बघतं. मुदत एक वर्षाची. २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिन्याला किमान ९,००० रुपये ठरले होते, प्रत्यक्ष आकडा त्या-त्या जाहिरातीत बघ. महत्त्वाचं म्हणजे, एक वर्षाचा अनुभव झाला की या योजनेत घेत नाहीत. म्हणून कुठल्यातरी कॉल सेंटरसारख्या कामात वर्ष घालवून मग इकडं वळायचं, असा क्रम लावू नकोस. आधी हे.

विदर्भात मशीनची कमी नाही. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र, कोराडी, खापरखेडा, पारस, मौद्याचं एनटीपीसी, तिरोड्याचा अदानींचा प्रकल्प. भद्रावती आणि भंडाऱ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, नागपूरची अंबाझरी. वणी, घुग्घुस, उमरेडच्या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कोळशाच्या खाणी. गडचांदूर, आवारपूरकडचे सिमेंट प्लांट, बल्लारपूरची पेपर मिल, वरठीचा स्टीलचा कारखाना, गडेगावचं अशोक लेलँड, हिंगण्याचं महिंद्राचं ट्रॅक्टर. यातल्या प्रत्येकाच्या वेबसाइटचं भरतीचं पान आठवड्यातून एकदा उघड. सरकारी उपक्रमांच्या अप्रेंटिसच्या जाहिराती येतात आणि अर्जाला पंधरा-वीस दिवसच मिळतात. माहीतच नव्हतं म्हणून आपली पोरं मागे राहतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुझ्या घराजवळचा एक उद्योग मात्र तू मोजलेलाच नाहीस: जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणं. पांढरकवडा, वणी, हिंगणघाट, यवतमाळ, अकोट, सगळीकडे जिनिंग-प्रेसिंग आहेत आणि दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत त्या धडधडत असतात. डबल रोलर जिनमध्ये कापूस रोलरला चिकटून स्थिर चाकूखालून ओढला जातो आणि हलता चाकू सरकी ठोकून बाजूला पाडतो. रोलर आणि चाकूमधलं अंतर, रोलरच्या खाचा, दाब, यात थोडं चुकलं की सरकी फुटते नाहीतर रुई सरकीवरच राहते, आणि मालकाचा पैसा जातो. पुढे बेल प्रेस. रॅमचा व्यास २५० मिलिमीटर आणि दाब २०० बार धर. जोर येतो साधारण १०० टन, आणि त्याने सुमारे १७० किलोची गाठ बांधली जाते. हायड्रॉलिक, बेल्ट ड्राइव्ह, बेअरिंग, ब्लोअर, डक्ट, सगळं एका छपराखाली. एका हंगामात सुपरवायझर म्हणून उभा राहिलास तर बुटीबोरीच्या पॅनलपुढे तासभर बोलण्याएवढा माल जमेल. आयसीएआरच्या सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेचं जिनिंगचं प्रशिक्षण केंद्र नागपुरातच आहे, तिथल्या कोर्सची चौकशी कर. जिनिंगमध्ये पगार कमी आणि काम हंगामी, हे खरं. मी ते कायमसाठी सुचवत नाही, अर्जावर दाखवायला खरं काम हवं म्हणून सुचवतोय.

दुसरी वाट शटडाउनची. वीज आणि सिमेंट प्लांटमध्ये वार्षिक ओव्हरहॉल निघतात तेव्हा ठेकेदारांना इंजिनिअर लागतात. महिनाभर दिवस-रात्र पाळी, पण टर्बाइनचं केसिंग उघडलेलं, डायल गेजने अलाइनमेंट चाललेली, मिलचे गिअर सुटे पडलेले, हे एरवी वर्षानुवर्षं बघायला मिळत नाही. ठेकेदाराकडे जाताना तीन गोष्टी विचारायच्या: पीएफ कापणार का आणि यूएएन नंबर मिळणार का, अनुभवाचं पत्र कुणाच्या लेटरहेडवर मिळणार, आणि सेफ्टीचं सामान कोण देणार. वर्क परमिट सही झाल्याशिवाय, आणि मोटरचा पुरवठा लॉक करून टॅग लागल्याशिवाय कुठल्याही मशीनमध्ये हात घालायचा नाही. व्हेसल किंवा हॉपरमध्ये गॅस तपासल्याशिवाय उतरायचं नाही. ठेकेदाराचा माणूस घाई करेल, चिडेल. तरी नाही म्हणायचं. ती नोकरी गेली तरी चालेल.

बॉयलर असलेल्या प्लांटमध्ये लागलास तर पुढची पायरीही डोळ्यांपुढे ठेव. ठरावीक अनुभवानंतर राज्याच्या बाष्पके संचालनालयाची बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा देता येते. ते प्रमाणपत्र हातात असलेला माणूस कंपन्यांना कायद्यानेच लागतो, त्यामुळे आपल्याकडे त्याला चांगली मागणी असते.

कॅडच्या कोर्सबद्दल माझं मत सरळ आहे: ६०,००० देऊ नकोस. डिझाइनमध्येच जायचं पक्कं असेल आणि ड्रॉइंग वाचता येत असेल तर पुढे एक सॉफ्टवेअर शिक, तेही काम बघून. आज तुझी अडचण सॉफ्टवेअरची नाही. मेंटेनन्स आणि प्रॉडक्शनच्या इंटरव्ह्यूत आम्ही ते प्रमाणपत्र उलटूनही बघत नाही. एनपीटीईएलवर मशीन डिझाइन, फ्लुइड मेकॅनिक्सचे आयआयटीच्या प्राध्यापकांचे तास फुकट आहेत. पुण्याला जरूर जा, पण वर्षभराचा अनुभव घेऊन. चाकण-रांजणगावला रिकाम्या रेझ्युमेने गेलेली आपली मुलं खोलीभाड्यातच घरचा पैसा घालवतात आणि शेवटी मिळेल त्या पगारावर लाइनवर उभी राहतात.

नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही नाही. नागपूरच्या मिहान प्रकल्पाच्या किंवा रेल्वेच्या नावाने मोफत ईमेलवरून ऑफर लेटर आलं आणि ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ मागितलं, की ते खोटं. मूळ मार्कशीट कुठल्याही कंपनीत जमा करायच्या नाहीत, फक्त दाखवायच्या. बाँडवर सही करण्याआधी तो घरी आणून नीट वाचायचा.

गॅपबद्दल विचारतील, तेव्हा वडिलांबरोबर वावरात होतो हे सरळ सांग. त्यात लाजण्यासारखं काय आहे? फवारणीचा पंप, मोटर, थ्रेशर यांचं जे काही स्वतः केलंस ते जोडीला सांग. आमच्या पॅनलवरचे निम्मे लोक कास्तकारांचीच मुलं आहेत.

उरलं गेट. १०० गुण, ६५ प्रश्न, ३ तास, आणि गुण ३ वर्षं चालतात. एनटीपीसी, कोल इंडियासारख्या कंपन्यांनी यावर भरती केलेली आहे. महाजनको ही राज्याची वीजनिर्मिती कंपनी स्वतःची परीक्षा घेते. घरी बसून दे असं मी म्हणणार नाही, अप्रेंटिसशिप करत दे. जनरल ॲप्टिट्यूड आणि गणित मिळून साधारण २८ गुणांचं असतं, ते पहिल्या काही महिन्यांत घट्ट कर. मग स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, थर्मो, फ्लुइड, मॅन्युफॅक्चरिंग हे विषय घे, कारण टेक्निकल राउंडलाही तेच चालतात. हीट ट्रान्सफर आणि थिअरी ऑफ मशीन्स दुसऱ्या प्रयत्नाला ठेवलेस तरी चालेल. फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते.